गावंड्यांचं सार्वमत

गावंडे पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा त्यांनी आमचं नाव विचारलं नाही, तालुका विचारला. मी म्हटलं, "हवेली."

"म्हणजे पुणं," ते म्हणाले. "असू द्या."

ते 'असू द्या' त्यांनी अशा सुरात म्हटलं, की जणू मी एखादा गुन्हा कबूल केला होता आणि त्यांनी तो मोठ्या मनाने पोटात घातला होता. मग खिशातून छोटी वही काढली, पेन्सिलीने तिच्यात कसलीशी खूण केली, वही परत खिशात टाकली आणि विचारलं, "पाणी बरोबर येते का जी तुमच्याकडं?"

मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या त्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो, गावंडे वर तिसऱ्यावर राहायला आले होते. पाण्याच्या पाइपलाइनी टाकणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनिअर होते. तेव्हा त्यांचा प्रश्न पाण्याचा होता यात काही वावगं नव्हतं. मला खटकली ती वही. नवा शेजारी घरोघर जाऊन तालुके विचारतो आणि लिहून ठेवतो, हे कशासाठी?

मी मुळातच संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने एक लिंबू जास्त टाकलं तर मी पिशवी पुन्हा काट्यावर ठेवायला लावते, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो, आणि ते खरं आहे. त्या वर्षांत मी आमच्या मराठी मंडळाची चिटणीस होते. परक्या मुलखात मंडळ चालवायचं म्हणजे कुणी राजकारणाची काडी टाकत नाही ना, इकडे एक डोळा ठेवावाच लागतो. गणपतीत आरती, संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीत मुलांची नाटुकली, बस्स. तेव्हा पहिल्याच दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "हा माणूस काहीतरी गोळा करतोय."

काय गोळा करतोय ते कळायला फार दिवस लागले नाहीत. गावंडे यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याकडचे. विदर्भ वेगळा झाला पाहिजे, या एका विषयावर त्यांची दिवसाची सुरुवात होई आणि शेवटही. त्यांचा लाडका शब्द होता 'अनुशेष'. कुणाला द्यायचं राहून गेलेलं, अडवून ठेवलेलं, दुसऱ्यानेच खाऊन टाकलेलं जे जे काही, ते सगळं त्यांच्या लेखी अनुशेष. मंडळाच्या कार्यक्रमात पंगत बसली आणि श्रीखंड शेवटच्या टेबलापर्यंत पोचेतो संपलं, की गावंडे रिकामी वाटी वर करून म्हणत, "पाहा वहिनी, श्रीखंडाचा अनुशेष!" लिफ्ट त्यांच्या मजल्यावर यायला वेळ लागला तरी अनुशेष. बायकोने चहा दुसऱ्यांदा दिला नाही तरी तेच. लोक हसत. मीही हसत असे, पण हसता हसता मला वाटे, सारखी एकच थट्टा करणारा माणूस थट्टा करत नसतो.

त्यांच्या बायकोचं, मंगलताईंचं माहेर सांगलीचं. "मला माहेराला जायचं तर दुसऱ्या राज्यात जावं लागेल," त्या मला जिन्यात सांगत, "आणि यांना तेच हवंय, नक्की." गावंडे हे ऐकून खूश होत. बायकोचा विरोध त्यांना भलताच प्रिय होता. "घरात विरोधी पक्ष पाहिजे ना जी," म्हणत.

मीही त्यांच्याशी भांडले आहे, एकदा नाही, पन्नासदा. माझं म्हणणं साधं होतं. मुंबई-पुण्याच्या करातून तुमचे रस्ते होतात, तुमच्या शाळा चालतात, आणि वर तुम्हीच ओरडता? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे. "आमचा कोळसा, आमची वीज, अन् लोडशेडिंगही आमचंच. बरं, तुम्ही म्हणता तसं तुमचंच पोट कापून आमाले देऊन राहिले, तं मंग तुमाले आनंदच व्हायले पाहिजे! जाऊ द्या ना आमाले. थांबवता काऊन?"

हे मला फार लागे. बरं, माणूस आवाज चढवत नसे. मी चढवला की ते खाली बघून बिस्किटाचे तुकडे एका रेषेत मांडत बसत.

एका शुक्रवारी ते आम्हा दोन्ही घरांना गाडीत घालून डोंगराच्या पायथ्याच्या एका गावी घेऊन गेले. फलज दाखवायचा म्हणून. फलज म्हणजे डोंगरातून गावात आणलेला पाण्याचा पाट. त्यातलं पाणी आधी प्यायला, मग मशिदीला, आणि मग पाळीपाळीने एकेका खजुराच्या बागेला. उघड्या मैदानात एक काठी रोवलेली होती आणि तिची सावली जमिनीवरच्या खुणांवर सरकत होती. सावली खुणेवर आली, की एका बागेचं तोंड बंद आणि दुसऱ्याचं उघडं. हल्ली मनगटावर घड्याळं आहेत, पण तिथल्या पाळ्या वाटणाऱ्या म्हाताऱ्याचा काठीवर जास्त विश्वास होता. गावंड्यांनी त्याला हिंदीत विचारलं, "बाबा, जो सबसे आखरी बाग है, उसका पानी बीच में कोई काटता नहीं?"

म्हातारा म्हणाला, "काटेगा कैसे? लकडी इधर खुल्ले में है. सब देखता है."

गावंडे त्या काठीशेजारी उकिडवे बसले. भर उन्हात, बराच वेळ. मुलं कंटाळली, माझा नवरा गाडीत जाऊन बसला. मी पाण्याची बाटली घेऊन गेले तर मान वर न करता म्हणाले, "माझ्या बापाच्या वावरातून कालवा खोदला होता वहिनी. मी चौथीत असंन. पाणी काही आलं नाही. पैसा कुठं गेला कोणाले मालूम नाही. आम्ही त्या कालव्यात क्रिकेट खेळलो. आमच्या पैशाचं मोजमाप असं उन्हात झालं असतं, तं मी कायले भांडलो असतो?"

त्या दिवशी मला त्यांच्याविषयी पहिल्यांदा बरं वाटलं. आणि लगेच मनात आलं, हे मला इथे मुद्दाम आणून दाखवतायत की काय?

मग तेलंगणा झालं. आमच्या तळमजल्यावर करीमनगरचा एक ड्रायव्हर राहत होता, तो घरोघर लाडू वाटत आला. गावंडे जिन्यात उभे होते. लाडू हातात घेतला, त्याचं अभिनंदन केलं, त्याला मिठी मारली. तो खाली गेल्यावरही लाडू हातातच. मला म्हणाले, "याले भेटलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे आले ते प्रस्ताव घेऊनच. मस्कत आणि आसपासच्या मराठी माणसांचं मतदान घ्यायचं. विदर्भ वेगळा व्हावा का? हो की नाही. गुप्त मतदान, पेटी, मोजणी, सगळं रीतसर.

"त्याने काय होणार?" मी विचारलं.

"काही नाही होणार."

"मग?"

"वेगळं करा असं मी म्हणूनच नाही राहिलो," ते म्हणाले. "विचारा, असं म्हणून राहिलो. माझं वय आता अठ्ठावन्न. आजवर आमाले कोणी हे विचारलंच नाही. निदान एकदा कोणीतरी विचारलं, अन् आम्ही सांगितलं, एवढं तं होऊ द्या. 'नाही' निघालं तं मी वही फाडून टाकतो. तुमच्यासमोर."

मत कुणाला, यावरून आमची दोन तास जुंपली. त्यांचं म्हणणं, फक्त विदर्भाच्या माणसांना. माझं म्हणणं, राज्य आमचंही आहे, आम्हालाही विचारा. शेवटी त्यांनीच तोड काढली. विदर्भातल्यांची चिठ्ठी पांढरी, बाकीच्यांची पिवळी, आणि मोजणी वेगवेगळी. पेटी म्हणून त्यांनी खजुराचा पत्र्याचा मोठा डबा आणला. वर्कशॉपमधल्या कुणाकडून तरी त्याला कडी-कोयंडा बसवून घेतला होता आणि झाकणाला फट पाडून घेतली होती. कुलूप नवं कोरं, दोन किल्ल्यांचं. ते त्यांनी माझ्यासमोर लावलं आणि एक किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"ही मला कशाला?"

"तुमच्याएवढं संशयी माणूस अख्ख्या मस्कतात नाही वहिनी. पेटी माझ्याकडं, किल्ली तुमच्याकडं. मंग कोणी काही बोलू शकत नाही."

"आणि दुसरी किल्ली?"

मी हे विचारणार हे त्यांना ठाऊकच होतं. त्यांनी खिशातून पक्कड काढली आणि दुसरी किल्ली माझ्या डोळ्यांदेखत वाकवून मोडली. दोन तुकडे टीपॉयवर ठेवले. मंगलताई पोट धरून हसत होत्या. मी तुकडे उचलून नीट पाहिले. कुलपाला तीन किल्ल्या आल्या नसतील कशावरून, हाही विचार माझ्या मनात येऊन गेला. मी किल्ली देव्हाऱ्यात ठेवली, हळदीकुंकवाच्या कुयरीखाली. त्यांना ते दाखवलंही. मी माझी पिवळी चिठ्ठी तिथेच भरली, 'नाही' असं ठसठशीत लिहून. त्यांनी पाठ फिरवली होती. मंगलताईंची चिठ्ठीही 'नाही'च असणार, त्या तसं ओरडून सांगत होत्या.

पुढचे तीन महिने गावंडे डबा मांडीवर घेऊन ओमानभर हिंडले. कधी सूर शहरात, कधी सहमला, सुट्टीच्या दिवशी दोन-दोनशे किलोमीटर. सहमला इब्राहिमभाई म्हणून दापोलीकडचे दुकानदार होते, त्यांनी पिवळी चिठ्ठी टाकली आणि म्हणे विचारलं, "आमच्या कोकणाचं काय? आमाला कोन इचारणार?" गावंड्यांना हे इतकं आवडलं, की मोजणीला साक्षीदार म्हणून त्यांनी इब्राहिमभाईंनाच बोलावलं.

आणि या सगळ्या काळात ते वहीत खुणा करतच होते. एकदा गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत मी त्यांना पाहिलं, ते एका अनोळखी जोडप्याशी बोलले आणि त्यांनी वही काढली. मला राहवलं नाही. मी मंडळाच्या अध्यक्षांना बाजूला घेऊन म्हटलं, "गावंडे लोकांची नावं लिहून ठेवतायत. कशासाठी ते माहीत नाही, पण तुम्हाला कानावर घालते."

एवढंच बोलले. शपथेवर सांगते, एवढंच.

अध्यक्षांनी ते कुणाला सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. दोन आठवड्यांत ती गोष्ट साऱ्या मस्कतभर फिरून, चांगली धष्टपुष्ट होऊन माझ्याकडे परत आली. गावंडे कुणाचा तरी माणूस आहे. याद्या करून वर पाठवतो. ज्यांनी चिठ्ठ्या टाकल्या त्यांचे व्हिसा अडकणार. मोजणीच्या आदल्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अध्यक्षांचा निरोप आला, की कसल्याही मतदानाशी मंडळाचा संबंध नाही, पदाधिकाऱ्यांनी त्यापासून दूर राहावं, न राहिल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी ज्याची त्याची. नवऱ्याने तो दोनदा वाचला. आमच्या मोठ्या मुलीची त्या वर्षी दहावी होती. "किल्ली तुझ्याकडे आहे," तो म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला होता.

मला त्या वेळी खरोखर वाटलं, की माझा पहिल्यापासूनचा संशय बरोबर होता, आता तर सगळेच म्हणतायत. सगळे जे म्हणत होते ते माझ्याच तोंडून निघालेलं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. फार नंतर सुचलं.

शुक्रवारी जेवणानंतर गावंडे डबा घेऊन आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी ताजी. इब्राहिमभाई सहमहून सकाळीच निघाले होते, बरोबर हलव्याचा डबा. मी चहा ठेवला. गावंड्यांनी टीपॉयवर वर्तमानपत्र अंथरलं, पेटी मध्ये ठेवली, एका बाजूला 'हो' आणि एका बाजूला 'नाही' असे कागद मांडले, आणि म्हणाले, "आणा वहिनी."

मी म्हटलं, "किल्ली सापडत नाहीये."

"अं?"

"कुठे ठेवली तेच आठवत नाही. सकाळपासून शोधतेय."

ते ज्या खुर्चीत बसले होते, तिच्यासमोरच देव्हारा होता. निरांजनाचा उजेड कुयरीवर पडला होता. गावंड्यांनी कुयरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या नवऱ्याने टीव्हीचा आवाज उगाचच वाढवला.

इब्राहिमभाई म्हणाले, "इतकंच ना? स्क्रू-ड्रायव्हर द्या वैनी. पत्रा हाय, दोन मिंटांत खोलतो."

"नाही जी," गावंडे म्हणाले. "कुलूप तोडलं तं मतदान बाद. मंग कोणीही म्हणंन, गावंड्यानं चिठ्ठ्या बदलल्या." त्यांनी 'हो'चा कागद 'नाही'च्या कागदावर ठेवला, दोन्हींची एक घडी केली आणि खिशात घातली. खिशातून वही काढून ती माझ्यापुढे धरली. "ही पाहून घ्या. पाहाच."

वहीत नावं नव्हती. एकही नाही. नुसते तालुके लिहिलेले, वाशीम, वरुड, उमरखेड, आर्वी, आणि प्रत्येकासमोर उभ्या रेघा. पहिल्या पानावर तळाशी 'हवेली', एक रेघ. कुठला माणूस कुठून आला एवढंच त्यांना हवं होतं. तेही, मला वाटतं, कुणी विचारलं नव्हतं म्हणून.

मी तेव्हाच उठून किल्ली आणायला हवी होती. दहा पावलांवर होती. मी म्हटलं, "चहा गार होतोय."

त्यांनी चहा प्यायला. माझ्या हातच्या चहाची स्तुतीही केली.

त्यानंतर त्यांच्या कंपनीच्या ओमानी साहेबाने त्यांना एकदा बोलावून घेतलं. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, डबा बघायला मागितला, आणि "खलास, आता पुरे" एवढंच म्हटलं, असं मंगलताईंनी मला सांगितलं. पुढे चार महिन्यांनी गावंड्यांचा करार संपला, तो वाढवला गेला नाही. प्रकल्पच संपत आला होता, बऱ्याच जणांचे करार वाढवले गेले नाहीत. हेच कारण असेल. पण मला संशय येतो, आणि या खेपेला तो माझाच मला येतो. कोण कुणाला काय म्हणालं याचा माग काढत गेलं, तर तो गणपतीच्या रांगेपाशी, माझ्यापाशी येऊन थांबतो. मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून नाही विचारलं.

मंगलताई सामानासह आधीच गेल्या. गावंड्यांना विमानतळावर सोडायला आम्ही गेलो. मोठी बॅग त्यांनी सामानात दिली, पण खजुराचा डबा हातात ठेवला. रांगेत जाण्याआधी मी पर्स उघडली आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली. मला इतकी लाज आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

"सापडली?" ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. मी शोधत होते, पण नव्हता.

"घ्या ना."

"मी घेऊन काय करू जी? पेटी अन् किल्ली एकाच माणसाकडं आली तं ती मोजणी नाही होत." त्यांनी माझी बोटं किल्लीवर मिटवली. "राहू द्या तुमच्याकडं. कधी दारव्ह्याले आल्या तं घेऊन या. उन्हात बसून मोजू."

मग ते काचेपलीकडे गेले. तपासणीच्या यंत्रातून डबा बाहेर आला आणि पोलिसाने तो अडवला. कुलपावर बोट वाजवून त्याने काहीतरी विचारलं. गावंड्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले आणि मागे वळून, काचेतून, माझ्याकडे बोट केलं. पोलिसाने माझ्याकडे पाहिलं.

किल्ली माझ्या हातातच होती. नुसता हात वर करायचा होता. मी मूठ आवळली आणि पदराआड घेतली. विचार करून नाही, आपोआप.

गावंड्यांनी ते पाहिलं. पोलिसाने पुन्हा यंत्राच्या पडद्यावर नजर टाकली, नुसते कागद दिसले असणार, आणि हाताने 'यल्ला', चला, अशी खूण केली. गावंड्यांनी डबा उचलला, कानाशी नेऊन एकदा हलवून पाहिला, काखेत धरला आणि गेले.

दारव्ह्याला मी अजून गेलेले नाही. किल्ली देव्हाऱ्यात आहे, कुयरीखाली.